घामाला सातबारा नाही

दर चार महिन्यांनी गावात एक बातमी फिरते. "हप्ता पडला का?" पारावर, पिठाच्या गिरणीवर, बँकेच्या ओट्यावर सगळीकडे हाच प्रश्न. ज्यांचा पडतो ते पासबुक भरून आणतात. आपल्या वस्तीतल्या पुष्कळ घरांत मात्र हा प्रश्न विचारलाच जात नाही. तिथला बाप दुसऱ्याच्या बांधावर औत हाकतो, आई दुसऱ्याच्या रानात खुरपते आणि कापूस वेचते, थोरली पोर सुट्टीत तिच्याबरोबर जाते. घरातले सगळे जण शेतात राबतात, पण सरकारच्या दप्तरात त्या घरात शेतकरी एकही नाही. कारण सातबारा नाही.

शेतीसाठी सरकार दरवर्षी हजारो कोटी रुपये खर्च करते. हा पैसा कोणत्या वाटेने जातो आणि कोणाच्या दारात थांबतो, ते आज आपण नीट समजून घेऊ. आम्ही शेतकऱ्याच्या विरोधात नाही. दोन एकर कोरडवाहूवर जगणारा कोणत्याही जातीचा शेतकरी आमचा भाऊच आहे. प्रश्न एवढाच आहे, की शेतीच्या नावाने निघालेल्या पैशात शेतात राबणाऱ्याचा वाटा कुठे आहे?

आधी सगळ्यांना ठाऊक असलेली योजना घेऊ. पी.एम. किसान सन्मान निधी फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाला. वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंत म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असणाऱ्यांसाठीच ती होती. त्याच वर्षी ही मर्यादा काढून टाकली गेली. आयकर भरणारे, आमदार-खासदार, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून), डॉक्टर, वकील यांना वगळले आहे, पण जमीन किती असावी याला वरची हद्द नाही. खालची हद्द मात्र पक्की आहे, जमीन तुमच्या नावावर पाहिजे. २०२३ पासून आपल्या राज्य सरकारने नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी ६,००० रुपयांची भर घातली. तीही पी.एम. किसानच्याच यादीवर चालते. म्हणजे पहिल्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याचे दुसऱ्या यादीतही नाही.

बटाईने, खंडाने, ठोक्याने शेत करणाऱ्यालाही यात जागा नाही. बियाणे त्याचे, खत त्याचे, बैल त्याचे, पाऊस दगा देतो तेव्हा बुडतोही तोच. पण हप्ता पडतो मालकाच्या खात्यावर, मग तो मालक पुण्यात फ्लॅटमध्ये का राहत असेना. बटाईचा करार बहुतेक वेळा तोंडी असतो. कूळ लागेल या भीतीने मालक कागद करत नाही आणि कागद मागितला तर पुढच्या वर्षी रान मिळत नाही.

आता गणती पाहा. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ११ कोटी ८८ लाख शेतकरी होते आणि सुमारे १४ कोटी ४३ लाख शेतमजूर. त्याआधीच्या २००१ च्या गणतीत शेतकरी जास्त होते. दहा वर्षांत पारडे फिरले. आपल्या महाराष्ट्रातही २०११ मध्ये सुमारे १ कोटी २६ लाख शेतकऱ्यांना सुमारे १ कोटी ३५ लाख शेतमजूर होते. अनुसूचित जातींचा देशभराचा हिशोब वेगळा काढला तर चित्र आणखी उघडे होते. काम करणाऱ्या दर शंभर माणसांत सुमारे ४६ शेतमजूर आणि सुमारे १५ जमीन कसणारे. म्हणजे ज्या योजनेच्या दारावर 'सातबारा दाखवा' अशी पाटी आहे, त्या दारातून आपल्यातले पंधरा जण आत जाण्याची आशा धरू शकतात आणि सेहेचाळीस जण बाहेरच उभे राहतात. कुणी जात विचारून हाकलत नाही, हे खरे. पण जमीन कोणाच्या वाट्याला आली हे जातीने ठरवले असेल, तर जमीन विचारणे आणि जात विचारणे यांत अंतर किती उरते?

हप्ता तरी सगळ्यांना सारखा आहे. मोठा पैसा दुसऱ्या वाटांनी जातो आणि त्या वाटांवर जो जास्त घेऊ शकतो त्याला जास्त मिळते. खताचेच घ्या. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिचा खरा खर्च याहून बराच जास्त असतो आणि वरचा भार केंद्र सरकार उचलते. २०२३-२४ या एका वर्षात खतांच्या अनुदानावर केंद्राचे पावणेदोन लाख कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. पी.एम. किसानला वर्षाला लागतात सुमारे साठ हजार कोटी. म्हणजे जिचा गाजावाजा होतो त्या योजनेच्या जवळजवळ तिप्पट रक्कम खताच्या गोण्यांतून वाटली जाते. हे अनुदान गोणीमागे आहे. एक एकरवाल्याने दोन गोण्या नेल्या तर दोन गोण्यांचे, वीस एकर ऊसवाल्याने चाळीस नेल्या तर चाळीस गोण्यांचे. खत टाकणाऱ्या मजूर बाईच्या हाताला फक्त खाज सुटते.

विजेचेही तसेच. २०२४ मध्ये राज्याने बळीराजा मोफत वीज योजना आणली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल माफ, सुमारे ४४ लाख पंपधारकांना लाभ, २०२९ पर्यंत. चांगली गोष्ट आहे. पण मोफत विजेसाठी आधी पंप लागतो, पंपासाठी विहीर लागते आणि विहिरीसाठी जमीन. ज्याच्या विहिरीला पाणी जास्त, त्याची मोफत वीज जास्त. कोरडवाहू माणसाने आकाशाकडे बघायचे. त्या बघण्याला मीटर नाही आणि माफीही नाही.

ठिबक सिंचन, ट्रॅक्टर, शेततळे यांच्या अनुदानात आणखी एक पायरी आहे. पुष्कळदा आधी पदरचे पैसे घालून वस्तू घ्यावी लागते, बिल जोडावे लागते, मग पाहणी होते आणि अनुदान मागाहून खात्यावर येते. ट्रॅक्टरसाठी अनुसूचित जातींना आणि महिलांना अनुदानाचा दर जास्त आहे. पण उरलेले लाखो रुपये कोण उभे करणार? ज्याच्याजवळ पैसा किंवा पत आहे, तोच पन्नास टक्के सवलतीचा फायदा घेतो. रिकाम्या खिशाला पन्नास टक्के सवलत दिली तरी खिसा रिकामाच.

कर्जमाफीची कथा याच वळणाची आहे. २००८ मध्ये केंद्राने मोठी कर्जमाफी दिली. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्यांचे थकीत कर्ज पूर्ण माफ झाले, त्यावरच्यांनी पाऊण भाग एकरकमी भरला तर पाव भागाची सूट होती. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे सात-आठ एकर असले तरी पीक थोडे. तो पाच एकरांच्या रेषेबाहेर राहिला. पाटाच्या पाण्यावरचा चार एकर ऊसवाला मात्र रेषेच्या आत बसला. पुढे महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात दाखवून दिले, की अपात्र खात्यांना लाभ मिळाला आणि पात्र खाती सुटून गेली. राज्यात २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत आणि २०१९ च्या शेवटी दोन लाखांपर्यंत माफी जाहीर झाली. प्रत्येक वेळी माफी झाली ती बँकेच्या आणि सोसायटीच्या कर्जाची. मजुराला सोसायटी कर्ज देत नाही. तो मुकादमाची उचल घेतो, बचत गटाचे किंवा फायनान्स कंपनीचे हप्ते भरतो, बायकोचे डोरले गहाण टाकतो. त्याचे कर्ज या माफ्यांच्या यादीत आले नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, सरकारचा पैसा जमिनीमागे जातो, घामामागे जात नाही. मग आपल्याकडे जमीन का नाही, या प्रश्नाला टाळून चालणार नाही.

आपल्या पूर्वजांकडे जमीन अगदीच नव्हती असे नाही. महार वतनाची होती. पण ती गावकीच्या राबणुकीला बांधलेली होती. मूठभर इनामासाठी अख्ख्या घराने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामे करायची. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते ही साखळी तोडण्यासाठी. १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्या मोर्चात कोकणातले कुणबीही आपल्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून चालले, हे आजच्या तरुणांनी विसरू नये.

१९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. कब्जेहक्काची रक्कम भरली तर जमीन वतनदाराच्या नावे परत होणार होती. पुष्कळांना मुदतीची वार्ता कळली नाही, पुष्कळांजवळ पैसे नव्हते. जमीन हातची गेली. उरली ती भाऊबंदांत वाटली जाऊन गुंठ्यांवर आली. मग कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी भूमिहीनांचा लढा उभा केला. १९५९ चा सत्याग्रह झाला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर झालेल्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. लेकुरवाळ्या बायासुद्धा गेल्या. त्यांची मागणी साधी होती, पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या.

त्या लढ्याची धग पुढे मराठवाड्यात आणि विदर्भात राहिली. शेकडो गावांत आपल्या माणसांनी गायरानातले दगडगोटे वेचून रान तयार केले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. काहींच्या नावे सातबारे झाले, पुष्कळांचे अर्ज तहसीलच्या कपाटातच पिवळे पडले. ज्यांची नोंद झाली नाही ते आज तिसरी पिढी तेच रान कसतात. अतिवृष्टी झाली, पीक वाहून गेले, तरी पंचनाम्यात त्यांचा हक्काचा रकाना नाही. नुकसान खरे, पीक खरे, माणूस खरा, फक्त कागद नाही.

आता एक नवा कागद आला आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात शेती खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो आधारला आणि जमिनीच्या नोंदीला जोडलेला असतो. यामुळे बोगस लाभार्थी गळतील असे सांगतात. गळोत, आमची काही हरकत नाही. एक रुपयात पीक विम्याच्या योजनेत बोगस अर्जांचा किती सुळसुळाट झाला आणि २०२५ मध्ये ती योजना कशी बंद करावी लागली, ते सर्वांनी पाहिले. पण ज्या कागदाची ओळखच जमिनीपासून सुरू होते, तो कागद भूमिहीनाला ओळखणार कसा?

सरकारने आपल्यासाठी काहीच केले नाही, असे म्हणणे खोटे होईल. दादासाहेबांच्या नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची ही योजना. आधी निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी बिनव्याजी कर्ज होते, २०१८ मध्ये ती पूर्ण अनुदानाची झाली. जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला एकरी आठ लाखांपर्यंतचा भाव ठरला. कागदावर इतकी चांगली योजना दुसरी नसेल. अडचण गावात आहे. रस्त्यालगतची जमीन या भावाला कोणी देत नाही. देतो ती खडकाळ, लांबची. आणि आपल्या वस्तीतल्या माणसाला शेजारी शेतकरी म्हणून बघणे काहींच्या पचनी पडत नाही, हेही खरे कारण आहे. शिवाय पी.एम. किसानच्या नियमांत १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली आहे. त्यानंतर वारसाशिवाय दुसऱ्या मार्गाने जमीन नावावर आली, तर हप्त्याला पात्र धरत नाहीत. म्हणजे सरकारच एका हाताने भूमिहीनाला शेतकरी करते आणि दुसऱ्या हाताने सांगते, तू उशिरा शेतकरी झालास!

विहिरीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. नव्या विहिरीला आधी अडीच लाखांची मर्यादा होती, २०२४ मध्ये ती चार लाख झाली. पण नव्या विहिरीसाठी किमान एक एकर जमीन नावावर लागते. वाटण्या होऊन वीस-वीस गुंठे उरलेल्या भावांनी काय करावे? याच ठिकाणी आपल्या घरातले काम सुरू होते.

मुंबई-पुण्यात, नागपूर-नाशकात गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत आयुष्य काढलेली आपली कितीतरी कुटुंबे आहेत. गावाकडे आजोबांच्या नावाने तुकडा आहे, एवढे माहीत असते. आजोबा गेले, वडील गेले, सातबाऱ्यावर नाव अजून आजोबांचेच. मेलेल्या माणसाला हप्ता नाही, विहीर नाही, पीक कर्ज नाही, नुकसानभरपाई नाही. म्हणून पहिले काम वारस नोंद. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. फेरफारावर नोंद होते, नोटीस निघते, मंडळ अधिकारी मंजुरी देतात. कायद्याने हे तीन महिन्यांत कळवायचे असते, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही.

दुसरे काम, वारसांत बहिणींची आणि आईची नावे लावा. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची आहे. "बहिणीने सही करून दिली" हे आपण मोठेपणाने सांगतो, पण घरात समतेची भाषा बोलायची आणि तलाठ्याच्या टेबलावर बहिणीचे नाव कापायचे, हे बरे नव्हे. ज्यांची स्वतःची जमीन आहे त्यांनी पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावावे. १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजनेत त्याची सोय आहे. खुरपे तिच्या हातात असेल, तर सातबाऱ्यावर तिचे नाव का नको?

तिसरे, वतनाची जमीन बहुधा भोगवटादार वर्ग दोनची असते आणि तिच्या व्यवहारावर सरकारी अटी असतात. शहर वाढले की दलाल गोड बोलत येतात. साध्या मुद्रांकावर कुलमुखत्यारपत्र लिहून देऊ नका. लग्नासाठी, आजारपणासाठी अडचण असेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाला कागद वाचायला लावा, मग पुढचे बोला.

चौथे, गायरान कसणाऱ्यांनी जुने पुरावे जपावेत. दंडाची पावती, पीक पाहणीची नोंद, कोर्टाची तारीख, सत्याग्रहात बापाला झालेल्या शिक्षेचा कागदसुद्धा. आपण पत्र्याच्या पेटीत लग्नाची साडी जपतो, तिच्याखाली हे कागद ठेवायला जागा काढा. आणि जिथे दहा-बारा जणी बचत गटात आहेत, तिथे समाजकल्याण कार्यालयात मिनी ट्रॅक्टर योजनेची चौकशी करा. ८० टक्के सभासद अनुसूचित जाती व नवबौद्ध असलेल्या गटाला साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान आहे.

हे झाले ज्यांच्याकडे काही ना काही आहे त्यांच्यासाठी. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचे काय? शेजारच्या राज्यांकडे बघा. छत्तीसगडमध्ये २०२१ मध्ये भूमिहीन शेतमजुरांसाठी वार्षिक मदतीची योजना आली. जानेवारी २०२५ मध्ये नव्या नावाने ती रक्कम १०,००० रुपये झाली. तेलंगणाने जानेवारी २०२५ मध्ये भूमिहीन मजूर कुटुंबाला वर्षाला १२,००० रुपये देण्याची योजना सुरू केली. त्यांच्या अटी आहेत, त्रुटीही असतील. पण एक गोष्ट त्यांनी मान्य केली, शेती म्हणजे फक्त जमिनीचा मालक नव्हे. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राला हे मान्य करायला काय अडचण आहे? प्रत्येक ग्रामसभेत हा ठराव मांडला पाहिजे. मजुराची नोंद करा, बटाईदाराची नोंद करा, त्यांनाही वाटा द्या. आणि हा ठराव आपल्या वस्तीपुरता नको. मराठा, धनगर, वंजारी, आदिवासी, ज्या ज्या घरात दुसऱ्याच्या रानात जाणारी बाई आहे, त्या घराचा तो ठराव आहे.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेतीची जी मांडणी केली, ती मुळातून वाचण्यासारखी आहे. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जात-पात न बघता गावातल्या कुटुंबांना कसायला मिळावी, पाणी, अवजारे, जनावरे, खत, बियाणे पुरवणे हे राज्याचे कर्तव्य असावे, म्हणजे जमीनदारही राहणार नाही, कूळही राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही, असा तो विचार होता. खत, पाणी, बियाणे यांवर राज्याने खर्च करावा हे आज सगळ्या पक्षांना पटले आहे. त्यांनी त्या विचारातला दुसरा भाग तेवढा गाळला. जमीन सर्वांना, हा तो भाग. तो गाळला म्हणून खर्च वाढत गेला आणि मजूरही वाढत गेले.

पुढचा हप्ता पडेल तेव्हा पुन्हा गावात बातमी फिरेल. तोवर आपण दोन कामे करू. ज्यांच्या घरी आजोबांच्या नावाचा सातबारा आहे त्यांनी तो बाहेर काढावा, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनी ग्रामसभेची तारीख विचारून ठेवावी. जय भीम.